मुंढ्याची रेघ पडद्यावर काढताना

बरीच वर्षं मी खाकी कागदावरच कपड्यांचं ड्राफ्टिंग, म्हणजे मापावरून कापायच्या भागांची आखणी, करत होते. कागद पसरायचा, घडीची रेघ मारायची, छातीचा चौथा भाग, खांद्याचा निम्मा, मुंढ्याची (बाही जोडायच्या गोलाईची) खोली अशी एकेक खूण करायची आणि शेवटी फ्रेंच कर्व्ह (वळणं आखायची पट्टी) लावून खुणा जोडायच्या. कागदाबद्दल माझी तक्रार एकच होती. कपडा घालून पाहिला आणि खांदा अर्धा सेंटिमीटर उतरवायला हवा असं दिसलं, की मी जुन्या रेघेशेजारीच नवी मारायचे. तीन दुरुस्त्या झाल्या की त्या कागदावर चार खांदे आणि तीन मुंढे असायचे. सहा महिन्यांनी घडी उघडली की त्यातली शेवटची रेघ कोणती, हे मलाच सांगता यायचं नाही. नव्या कागदावर उतरवून घ्यावं, तर उतरवताना पेन्सिलीच्या जाडीएवढी रेघ सरकायची, आणि ती जाडी चार भागांत मिळून घेरात दिसायची.

म्हणून इंकस्केपवर ड्राफ्ट काढून बघायचं ठरवलं. हे व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, २००३पासून ते खुल्या पद्धतीनं वाढत आलेलं आहे, आणि चित्रकार, लोगो करणारे, लेझरवर लाकूड कापणारे असे सगळे ते वापरतात. व्हेक्टर चित्रात रंगीत ठिपक्यांची जाळी साठवलेली नसते. बिंदू कुठे आहेत आणि त्यांच्यामधली रेघ कशी वळते, एवढंच साठवलेलं असतं. कपड्याचा ड्राफ्टही नेमका तसाच असतो, म्हणून हे आपल्या कामाचं आहे असं मला पहिल्यापासून वाटत होतं. पण शिवणकाम या सॉफ्टवेअरच्या गावीही नाही. माया (शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड), खाच (दोन भाग जुळवायची खूण), उभा धागा (कापडाच्या विणीची उभी दिशा) हे शब्द त्यात कुठेच सापडत नाहीत. ते सगळं आपणच त्याच्यात आणायचं.

माझ्याच मापाचा, बाह्या असलेला, कंबरेपर्यंतचा साधा टॉप घेतला. छाती ९२ सेंटिमीटर, गळ्याचा घेर ३६, पाठीची उंची मानेपासून कंबरेपर्यंत ४०, मुंढ्याची खोली २१.

पहिलाच चौकोन मागच्या भागाचा. छातीचा चौथा भाग २३ आणि सैलपणाचे २, असे २५ सेंटिमीटर. चौकोन निवडून वरच्या पट्टीतल्या रुंदीच्या खान्यात २५० मिलिमीटर लिहिलं. नंतर आयत काढायच्या टूलवर गेले तर तिथे त्याच चौकोनाची रुंदी २४९ दिसत होती. एकाच चौकोनाच्या दोन रुंद्या पाहून मी तिथेच थांबले, कारण असली गोष्ट पुढे ढकलली की ती कापडावर निघते. रेघेला मी १ मिलिमीटर जाडी दिली होती. निवडीचं टूल मुळात रेघेच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतं, म्हणजे दोन्ही बाजूंची अर्धी-अर्धी जाडी मापात धरतं. खरी रेघ जाडीच्या मधोमध असते आणि शिवण त्या मधल्या रेघेवर घालायची असते. चार भागांत मिळून माझा घेर ४ मिलिमीटरनं कमी झाला असता. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सच्या पानावर बाउंडिंग बॉक्स 'जिऑमेट्रिक' करून ठेवला आणि दोन्हीकडे एकच आकडा आला. त्याच वेळी रेघेची जाडी ०.३ मिलिमीटरवर आणली, आणि आकार लहान-मोठा केला की जाडीही बदलणारं जे बटण असतं, ते बंद केलं.

एक सोय मात्र मनापासून आवडली. मापाच्या खान्यात गणित लिहिता येतं. गळ्याची रुंदी म्हणजे घेराचा पाचवा भाग. ३६ भागिले ५ असंच लिहायचं, ७.२ आपोआप येतं. इंचात लिहिलं तरी चालतं. माझी आई सगळं इंचात बोलते. ती साडेनऊ म्हणाली की मी ९.५ लिहून पुढे इंचाचं चिन्ह देते आणि खान्यात २४१.३ मिलिमीटर दिसतात. आम्हा दोघींमध्ये आकडे बदलून घेण्याचं काम संपलं.

लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, चार केले: रचना, शिवणरेघ, माया, खुणा. रचनेच्या रेघा राखाडी, शिवणरेघ निळी, कापायची रेघ काळी. रचनेचा लेयर काम झाल्यावर कुलूपबंद. हे कुलूप फार महत्त्वाचं आहे. उंदराचा एक चुकार धक्का लागला की आख्खी छातीरेघ अर्धा मिलिमीटर सरकते आणि डोळ्यांना काहीच कळत नाही.

सरळ रेघांचं काम तासाभरात झालं. वळणांना दोन आठवडे लागले.

व्हेक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये वळण काढायची रेघ म्हणजे बेझिए कर्व्ह. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलेलं आहे. फ्रान्समध्ये रेनोचे पिएर बेझिए आणि सित्रोएनचे पॉल द कास्तेल्झो, या दोघांनी मोटारीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत पकडण्यासाठी ही पद्धत वेगवेगळी शोधली. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं, कारण सपाट पत्रा गोलाईवर बसवणं आणि सपाट कापड अंगावर बसवणं ही शेजारशेजारची कामं आहेत. रेघेच्या दोन टोकांना दोन बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला एक हँडल असतं. हँडलची दिशा म्हणजे रेघ त्या बिंदूतून कुठे निघते, आणि हँडलची लांबी म्हणजे ती दिशा रेघ किती जोरानं धरून ठेवते.

गळा सोपा निघाला. गोल गळ्याचा पाव भाग काढताना हँडल त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के ठेवलं की वळण जवळजवळ अचूक वर्तुळाचं येतं. रुंदी ७.२ असेल तर आडवं हँडल ४ सेंटिमीटरच्या आसपास. पुढच्या गळ्याची खोली ७.७, तर उभं हँडल सव्वाचार. गळ्याच्या मधल्या बिंदूवर हँडल अगदी आडवंच हवं, नाहीतर घडी उघडल्यावर मधोमध टोक येतं किंवा खळगा पडतो. कंट्रोल दाबून हँडल ओढलं की ते १५-१५ अंशांच्या टप्प्यांत फिरतं, त्यामुळे आडवं धरणं हातावर सोडावं लागत नाही. मग अर्ध्या भागाची आरशासारखी प्रत काढून शेजारी चिकटवायची आणि पूर्ण गळा बघायचा. कागदावर हे मी कधीच करत नव्हते. घडी कापून उघडली की काय निघेल ते निघेल.

मुंढ्यानं मात्र बसवून ठेवलं. कागदावर फ्रेंच कर्व्ह फिरवून मी ती रेघ दोन टप्प्यांत मारायचे आणि पुढे जायचे. पडद्यावर पहिल्या दिवशी मी नऊ बिंदू दिले, कारण बिंदू जास्त तेवढा ताबा जास्त असं वाटलं. झालं उलटंच. प्रत्येक बिंदूपाशी रेघ थोडी अडखळायची. पूर्ण मुंढा एका नजरेत ठीक दिसायचा आणि जवळ गेलं की पायवाटेसारखा वेडावाकडा. रोज एखादा बिंदू काढून टाकत शेवटी तीनवर आले: खांद्याचं टोक, पाठीच्या रुंदीची खूण आणि काखेतला बिंदू. तिन्हींचे नियम ठरले आणि मग रेघ वळायला लागली. खांद्याच्या टोकाशी हँडल खांद्याच्या रेघेला काटकोनात. मधल्या खुणेशी उभं. काखेत आडवं, म्हणजे बाजूच्या शिवणीला काटकोनात, कारण पुढचा आणि मागचा भाग जोडला की तिथे रेघ एकसंध वाहायला हवी.

हे सगळं माझ्या हाताला आधीपासून येत होतं, पण मला ते शब्दांत सांगता आलं नसतं. खांद्याशी काटकोन धरायचा हे मी आईच्या हाताकडे बघून उचललं होतं. तो काटकोन आहे हे पडद्यावर हँडल ओढताना पहिल्यांदा कळलं.

खांदे तपासण्यासाठी पुढच्या भागाची प्रत काढली, उलटवली आणि फिरवून तिची खांद्याची रेघ मागच्या भागाच्या रेघेवर बसवली. फिरवण्याआधी फिरण्याचं केंद्र, ते बारीक अधिकचिन्ह, गळ्याच्या टोकावर ओढून ठेवायचं. स्नॅप चालू असेल तर ते बिंदूवर पक्कं बसतं. दोन्ही भाग जोडून पाहिले तर खांद्याच्या टोकाशी मुंढ्याच्या रेघेत छोटं शिखर आलेलं होतं. पुढच्या भागात हँडल काटकोनापेक्षा चार अंश कमी होतं. शिवल्यावर तिथे कापडाचा कोपरा बाहेर डोकावला असता.

आई तेव्हाच मागे येऊन उभी राहिली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही मुंढे सारखेच काढलेस का गं?" जवळजवळ सारखेच होते, मागच्याची प्रत काढून मी पुढचा केला होता. "हात पुढे येतो, मागे नाही. पुढून शेप जास्त दे." हे मला माहीत होतं. कागदावर मी तसंच करायचे. पण प्रत काढणं पडद्यावर इतकं सोपं आहे की माहीत असलेली गोष्टही बाजूला राहिली. पुढच्या मुंढ्याची मधली खूण सव्वा सेंटिमीटर आत घेतली आणि हँडल पुन्हा बसवली.

मग मोजणी. एक्स्टेन्शन्समध्ये 'मेझर पाथ' आहे. रेघ निवडायची आणि तिची लांबी अंकांत मिळते. कागदावर टेप उभी धरून वळणावरून फिरवायचे तेव्हा दोनदा मोजलं की दोन उत्तरं यायची. इथे पुढचा मुंढा २१.३, मागचा २२.२, एकूण ४३.५ सेंटिमीटर. बाहीचा माथा, म्हणजे मुंढ्यात बसणारी बाहीची वरची गोलाई, मी तोवर डोळ्यांना छान दिसेपर्यंत ओढून काढला होता. त्याची लांबी मोजली नव्हती, आणि न मोजताच मी पहिला नमुना मांजरपाटात कापला, कारण कधी एकदा शिवून बघते असं झालं होतं. बाही मुंढ्यात बसवताना वरच्या अर्ध्या भागात चुण्या पडल्या. टाके उसवून पुन्हा घातले, ओढून समान केल्या, तरी चुण्या राहिल्याच. तेव्हा परत येऊन माथा मोजला: ४७.९. मुंढ्यापेक्षा ४.४ सेंटिमीटर जास्त. लोकरीचा कोट असता तर वाफ देऊन एवढं सैल आत घेता आलं असतं. घट्ट विणीचं सुती कापड ते घेत नाही. माथ्याची उंची एक सेंटिमीटर उतरवली, दोन्ही बाजूंचा फुगवटा कमी केला, आणि लांबी ४५.४वर आणली. म्हणजे सैल १.९ सेंटिमीटर.

हा सैल कुठे ठेवायचा हेही ठरवावं लागतं. काखेपासून खाचेपर्यंत बाही आणि मुंढा अगदी बरोबरीनं जायला हवेत. सगळा सैल खाचांच्या वर, माथ्याभोवती. म्हणजे दोन्ही वळणांवर काखेपासून ठरावीक अंतरावर खाच हवी. सरळ रेघेवर ९ सेंटिमीटर मोजणं सोपं, वळणावर ९ सेंटिमीटर कुठे संपतात हे दाखवणारं बटण मला कुठे दिसलं नाही. बराच शोध घेतल्यावर एक युक्ती सुचली, आणि ती मी आता नेहमी वापरते. वळणाची एक प्रत काढायची, तिची जाडी १ मिलिमीटर करायची आणि रेघ तुटक करायची. तुटक रेघेचा नमुना स्वतः लिहिता येतो आणि त्यातले आकडे रेघेच्या जाडीच्या पटीत असतात. जाडी १ मिलिमीटर असेल तर '९० १०००' लिहिलं की सुरुवातीपासून ९० मिलिमीटर रेघ दिसते आणि पुढे काही नाही. रेघ जिथे संपली तिथे खाच. सुरुवात काखेऐवजी खांद्याकडून होत असेल तर पाथ मेन्यूतून रेघेची दिशा उलटी करायची. पुढच्या मुंढ्याला एक खाच, मागच्याला दोन, जवळजवळ. म्हणजे शिवताना बाहीची पुढची-मागची बाजू चुकत नाही.

डार्टबद्दल, म्हणजे कापड अंगाबरोबर बसावं म्हणून घालतात त्या निमुळत्या चिमटीबद्दल, थोडक्यात. बाजूच्या शिवणीतला डार्ट खांद्यात नेणं कागदावर म्हणजे कापा, फिरवा, चिकटवा. इथे नवी रेघ जिथे हवी तिथे शिवणरेघ बिंदूवर तोडायची, मधला तुकडा निवडायचा, फिरण्याचं केंद्र डार्टच्या टोकावर ठेवायचं आणि जुना डार्ट मिटेपर्यंत फिरवायचं. पाच मिनिटांचं काम. डार्टच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या आहेत ना, एवढं मात्र मोजून बघायचं.

माया सोडताना पुन्हा अडकले. रेघेला समांतर दुसरी रेघ काढायची सोय आहे, पण ती सगळीकडून एकाच अंतरानं काढते, आणि मला मुंढ्याला आणि गळ्याला १ सेंटिमीटर, बाजूंना दीड आणि खाली दुमडायला ३ हवे होते. शिवाय हातानं ओढून अंतर ठरवणं मला पटेना. शेवटी जी पद्धत बसली ती अशी: शिवणरेघेची प्रत काढायची, तिची जाडी २ सेंटिमीटर करायची, कोपरे टोकदार ठेवायचे आणि 'स्ट्रोक टू पाथ' करायचं. जाड रेघेची आता बाह्यरेषा होते. ती सुटी केली की दोन रेघा मिळतात, एक शिवणीच्या १ सेंटिमीटर आत, एक १ सेंटिमीटर बाहेर. आतली पुसायची. असंच ३ सेंटिमीटर जाडीनं दीडची आणि ६ सेंटिमीटर जाडीनं तीनची रेघ. तिन्ही एकमेकींवर ठेवून जिथली जी हवी ती राखायची, बाकीची तोडून टाकायची आणि कोपऱ्यात जोडायची.

बाहीच्या खालच्या कडेला एवढ्यानं भागत नाही. बाही मनगटाकडे निमुळती होते. माया तशीच निमुळती खाली नेली तर दुमडल्यावर ती वरच्या रुंदीला पुरत नाही आणि शिवण ओढली जाते. म्हणून दुमडीच्या रेघेवर बाहीच्या तेवढ्या भागाची उलटी प्रत ठेवून तिच्या कडेनं माया काढली. खाली ती बाहेरच्या बाजूला फाकते. हा कोपरा कापताना दरवेळी विचित्र दिसतो आणि दुमडला की अचूक बसतो.

छपाईसाठी घरगुती प्रिंटर आणि ए४ कागद. ए० आकाराचा कागद म्हणजे क्षेत्रफळानं १६ ए४, पण प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही. चारही बाजूंनी १ सेंटिमीटर सोडला तर एका कागदावर १९० बाय २७७ मिलिमीटर उरतात, आणि मग आख्खा ए० भरायला २५ कागद लागतात. माझे तीन भाग हलवून हलवून ३ बाय ४, म्हणजे १२ कागदांत बसवले. पुढचा आणि मागचा शेजारी शेजारी, खाली बाही. उंचीला सेंटिमीटरसुद्धा शिल्लक राहिला नाही. इंकस्केपच्या १.२ आवृत्तीपासून एकाच फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात, त्यामुळे बारा पानांची चौकट एकदा आखून ठेवली की झालं. प्रत्येक पानावर ओळ-स्तंभाचं नाव लिहिलं, अ१, अ२, ब१ असं, आणि कोपऱ्यांत जुळवणीच्या खुणा.

चाचणीचा चौकोन हवाच. १० सेंटिमीटरचा चौकोन पहिल्या पानावर छापायचा, पट्टीनं मोजायचा, मगच बाकीची पानं. काही वर्षांपूर्वी याच सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत पिशवीचा नमुना काढताना मी असा चौकोन केला होता, तोच उचलून आणला. छापून मोजला तर ९४ला जेमतेम कमी. प्रिंटरनं पान आत बसवण्यासाठी लहान केलं असणार म्हणून 'अ‍ॅक्चुअल साइज' पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं. पुन्हा छापलं, पुन्हा तेवढाच. छपाई १०७ टक्के करून बघावी इथपर्यंत मी आले होते. पण त्याच पानावर मागच्या भागाची छातीरेघ जुळवणीच्या खुणेपर्यंत होती. ती मोजली आणि ती मिलिमीटरला मिलिमीटर बरोबर निघाली. म्हणजे छपाई ठीक होती आणि चौकोनच लहान होता. जुन्या आवृत्तीत एका इंचात ९० पिक्सेल धरलेले असायचे, २०१७च्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ झाले. जुनी फाइल उघडताना सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, हे पडद्यासाठी आहे की कागदावर छापायला, आणि मी घाईत पडद्यासाठी म्हटलं होतं. ९० भागिले ९६ म्हणजे ०.९३७५. माझा चौकोन ९३.७५ मिलिमीटरचा होता. चौकोनावर विसंबून छपाई मोठी केली असती, तर ९२च्या छातीचा टॉप ९८च्या छातीला बसला असता. तेव्हापासून चौकोन प्रत्येक फाइलमध्ये नवा काढते आणि आडवा, उभा दोन्हीकडून मोजते.

चिकटवताना आधी एकेका ओळीतली तीन पानं जोडायची आणि मग चार ओळी एकमेकींना. पानामागून पान जोडत गेलं की बारीक तिरकेपणा साठत जातो.

दुसऱ्या नमुन्यात बाही सुरेख बसली. चुणी एकही नाही. पण हात पुढे केला की पुढच्या काखेजवळ कापड गोळा होत होतं, दोन-तीन तिरक्या घड्या. आईनं मला हात पुढे-मागे करायला लावले, घड्यांना टाचण्या लावून पाहिल्या आणि म्हणाली, "शेप दिलास, पण खालपर्यंत नाही दिलास." मग तिनं तिची कागदांची गुंडाळी काढली. त्यात माझ्याच मापाचा एक जुना ड्राफ्ट होता, माझी छाती तेव्हाही एवढीच होती. त्यावरचा पुढचा मुंढा तिनं एका झटक्यात, नुसत्या हातानं काढलेला. फ्रेंच कर्व्ह तिनं कधी वापरलाच नाही.

मला ती रेघ पडद्यावर हवी होती. मोबाइलनं फोटो काढून चालत नाही, कॅमेरा जरा जरी तिरका झाला तरी माप बिघडतं. मुंढ्याचा भाग ए४मध्ये मावत होता, म्हणून तेवढा कागद सपाट स्कॅनरवर ठेवला आणि ३०० डीपीआयला स्कॅन केला. कागदाच्या कडेला पट्टी ठेवली होती. इंकस्केपमध्ये आणल्यावर तिच्यावरचे १० सेंटिमीटर मोजले, बरोबर १०० मिलिमीटर आले. चित्र सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवून फिकं केलं, कुलूप लावलं, आणि वरून रेघ गिरवायला घेतली. मनाशी धरलं होतं की हातानं मारलेल्या रेघेला सात-आठ बिंदू तरी लागतील. तीनच लागले. खांद्याशी हँडल काटकोनात, काखेत आडवं, मधे उभं. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत माझी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मावली.

मग माझा मुंढा तिच्या मुंढ्यावर ठेवला. वरचा अर्धा भाग एकावर एक. खाचेपासून खाली मात्र तिची रेघ आत जात होती, सगळ्यात जास्त जिथे घड्या पडत होत्या तिथेच, ४ मिलिमीटर. काखेतलं तिचं आडवं हँडल माझ्यापेक्षा बरंच लांब होतं. रेघ खाली पोचल्यावर लगेच वर न वळता थोडा वेळ सपाट चालत राहते. आईला दाखवलं. ती बराच वेळ दोन्ही रेघांकडे बघत राहिली. "एवढंच आत घेते का मी?" तिनं विचारलं. तिलाही तो आकडा पहिल्यांदाच कळत होता.

तिची रेघ घेतली की पुढचा मुंढा २१.३चा २१.७ झाला. एकूण ४३.९, माथा ४५.४, सैल १.५ सेंटिमीटर. पुढची खाच तुटक रेघेनं पुन्हा मोजून सरकवली आणि बाहीच्या पुढच्या कडेलाही खाचेखालचं वळण तेवढंच आत घेतलं, कारण मुंढा खोल केला आणि बाही तशीच ठेवली तर जास्तीचं कापड बाहीच्या आत जमतं. त्यानं माथ्याची लांबी थोडी वाढली, २ मिलिमीटर. तिसऱ्या नमुन्यात घड्या गेल्या. हात पुढे, वर, मागे, सगळं करून पाहिलं.

पुष्कळ मापांचे कपडे करायचे असतील तर मी इंकस्केप सुचवणार नाही. व्हॅलेंटिनासारख्या शिवणकामासाठीच केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मापांचा तक्ता असतो; छाती बदलली की आख्खा ड्राफ्ट स्वतःच नव्यानं आखला जातो. इंकस्केपमध्ये प्रत्येक बिंदू आपण हलवायचा. मला स्वतःसाठी आणि घरच्या दोघा-तिघांसाठी करायचं आहे, आणि मला तो बिंदू हातानंच हलवायचा आहे, म्हणून मी इथे थांबले.

त्या फाइलमध्ये आता सात लेयर आहेत. जुना खांदा, जुना माथा, बाजूचा डार्ट, सगळे तसेच आहेत, फक्त झाकलेले, प्रत्येकावर काय बदललं आणि किती, ते लिहिलेलं. सगळ्यात वरच्या लेयरचं नाव 'आईचा मुंढा' आहे. काल आईनं स्वतःची मापं दिली, इंचात. खांदा साडेसहा लिहून घेतला आहे आणि घडीची रेघ मारून झाली आहे.